झाकणाखालचे एकशे चाळीस कोटी

गारखेड्यातल्या सोनाजी शिंगाडेसमोर कुणी नवी वस्तू ठेवली, की तो आधी तिच्यावरून तळहात फिरवायचा. टेबल असो, ओट्याचा कडप्पा असो, नाहीतर शेजाऱ्यानं कौतुकानं दाखवलेला नवा दरवाजा असो. डोळे अर्धवट मिटायचे, हात सावकाश सरकायचा आणि मग निकाल लागायचा. "इथं पोट आलंय जरा." किंवा, "ह्या कोपऱ्यात खड्डा हाय." बघणाऱ्याला पोटही दिसायचं नाही आणि खड्डाही. त्याची बायको रत्नमाला म्हणायची, "लोक डोळ्यानं बघतेत, आमचे हे हातानं."

हा हात वाळूजच्या एका कारखान्यात तयार झाला होता. सोनाजी कन्नड तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरातला. आयटीआयला ग्राइंडिंगचा ट्रेड मिळाला म्हणून शहरात आला आणि बत्तीस वर्षं एकच काम करत राहिला. पोलाद सपाट करायचं. प्लास्टिकच्या वस्तू ज्या पोलादी साच्यांत भरून काढतात, त्या साच्यांचे दोन भाग एकमेकांवर असे बसावे लागतात की मधून वारासुद्धा निसटू नये. मशीनवरून उतरलेला साचा शेवटी सोनाजीकडं यायचा. जाड काच, तिच्यावर घासायचा बारीक वॉटर पेपर, थेंबभर तेल आणि गोल गोल फिरणारा हात. मायक्रॉन हे त्याचं माप. माणसाचा केस सत्तर मायक्रॉन जाड. सोनाजी दोन मायक्रॉनपर्यंत जायचा. त्याच्या खाली जगात काही असेल असं त्याला वाटत नव्हतं. असेल तर ते देवाचं.

निवृत्त होऊन त्याला तीन वर्षं झाली होती. मुलगा विश्वजीत चाकणला नोकरीला, आठवड्याला एकदा यायचा. घरात सोनाजी, रत्नमाला, सून अक्षदा आणि तिची दीड वर्षाची मुलगी. अक्षदानं साच्यांच्या डिझाइनचा डिप्लोमा केला होता. मुलगी झाली तशी नोकरी सोडली आणि आतल्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरवर घरूनच कामं घ्यायला लागली. एकाच धंद्यातली दोन माणसं एका घरात, पण बोलणं "मामा, चहा ठेवू का?" आणि "ठेव" एवढंच. सासऱ्याला ती मामा म्हणायची. तिच्या खोलीत सोनाजी सहसा जायचा नाही. दिवसभर पडद्याकडं बघून ही काय करते, हे विचारायला त्याला अवघड वाटायचं, आणि आपण होऊन सांगायला तिला.

एप्रिल संपता संपता चिकलठाण्याच्या एका साचेवाल्यानं अक्षदाला काम देऊ केलं. साचा कापायच्या आधी त्यात प्लास्टिक कसं पसरेल, कुठं अडेल, याचा हिशेब कॉम्प्युटरवर करून द्यायचा. एक करून दाखवा, जमलं तर दर महिन्याला देतो, असं तो म्हणाला. अक्षदानं हिशेब लावला. सात तास कॉम्प्युटर घरघरला आणि फटकन बंद पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तर पाच तासांत बंद. तिसऱ्या दिवशी दुपारी सोनाजी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असताना आतून टेबलावर हात आपटल्याचा आवाज आला. मग सगळं चिडीचूप. सोनाजी उठला आणि तिच्या दाराशी जाऊन थांबला.

"काय झालं, बाळ?"

"काही नाही मामा. फार तापतोय हा. जळू नये म्हणून आपला आपण बंद होतो."

"किती तापतो?"

"शंभर डिग्री."

सोनाजीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "शंभर? शंभराला पाणी उकळतंय, पोरी."

"हो ना. आत प्रोसेसर असतो. त्यातली कामाची चकती नखाएवढी. सगळा हिशेब तीच करते."

सोनाजी दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला. त्याच्या जगात धग यायची ती घासण्यातून. चाक फिरलं, पोलादाला लागलं, ठिणगी उडाली. फिरणारं काही नाही, लागणारं काही नाही, आणि नखाएवढी वस्तू शंभर डिग्री?

"कशाला घासतंय ते?" त्यानं विचारलं.

अक्षदाला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. "कशालाच नाही मामा. नुसता विचार करतो."

त्या दिवशी सोनाजीचा पेपर तसाच पडून राहिला.

नवा कॉम्प्युटर घ्यायचा तर साठ-सत्तर हजार. ते शक्य नव्हतं. पैठण गेटजवळच्या गल्लीत मुजीबभाई नावाचे एक दुकानदार जुन्या मशीनमध्ये जीव भरून देतात, असं अक्षदानं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाजीनं स्कूटर काढली, कॉम्प्युटरचा डबा पायाशी उभा धरला, सुनेला मागं बसवलं आणि गारखेड्याहून निघाला.

मुजीबभाई पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी डब्याची बाजू उघडली. आत घोंगडीसारखी धूळ बसली होती. ती फुंकून त्यांनी आत बॅटरी मारली.

"बेटी, मशीन जुनं हाय पण बोर्ड मजबूत हाय. आत्ता यात आय-थ्री प्रोसेसर हाय. याच बोर्डावर आय-सेव्हन बसतो. वापरलेला हाय माझ्याकडं, चार हजारात देतो. जवळपास दुप्पट काम करंल. रॅम बी थोडी वाढवू. पण तापंल बी जास्त. हा छोटा पंखा नक्को त्याला. कुलर लागंल."

"कुलर हाय की घरी," सोनाजी म्हणाला. "खिडकीत बसवलेला."

मुजीबभाईंचा चष्मा कपाळावरून नाकावर आला, इतके ते हसले. "काका, तो नै!" फळीवरून त्यांनी एक वस्तू काढली. खाली तांब्याचा चौकोनी तळ, तळातून वर गेलेल्या चार नळ्या, नळ्यांवर ओळीनं ओवलेले पातळ पत्रे आणि बाजूला पंखा. "तांबं आग उचलतं, नळ्या वर नेतेत, पत्र्यांवर पसरते, पंखा उडवून लावतो. हा बी जुनाच हाय. सातशे द्या."

सोनाजीला ते लगेच पटलं. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. पण कालपासून त्याच्या डोक्यात दुसरंच घर करून बसलं होतं. "मुजीबभाई, त्या प्रोसेसरच्या आत हाय तरी काय?"

मुजीबभाईंनी खण उघडून त्याच जातीचा एक मेलेला प्रोसेसर काढला. त्याचं धातूचं झाकण आधीच उचकटलेलं होतं. झाकण बाजूला करून त्यांनी तो सोनाजीच्या तळहातावर ठेवला आणि वर भिंग धरलं. मधोमध करड्या रंगाची, लांबट, लखलखीत चकती. सोनाजीनं भिंगातून पाहिलं, तर त्याला स्वतःचाच डोळा दिसला.

"कारागिरी खालच्या अंगाला हाय," मुजीबभाई म्हणाले. "वरून काय दिसत नै. याच्यात एकशे चाळीस कोटी बटणं हायेत, काका. चालू-बंद, चालू-बंद. सेकंदाला तीनशे चाळीस कोटी ठोके."

"एकशे चाळीस कोटी म्हंजे आपल्या देशाची माणसं!"

"हौ. तेवढी."

सोनाजीनं बोटाचं टोक हळूच चकतीवर टेकवलं आणि सरकवलं. बोटाला काहीच लागलं नाही. पोट नाही, खड्डा नाही, ओरखडा नाही. असं सपाट त्याच्या बोटाखालून कधी गेलं नव्हतं. त्यानं स्वतः केलेलंसुद्धा नाही.

"एक बटण केवढं असंल?"

"बावीस नॅनो म्हणतेत."

त्यानं सुनेकडं पाहिलं. अक्षदानं मनात भागाकार केला. "मामा, एका मायक्रॉनचे पंचेचाळीस तुकडे केले ना, तर त्यातला एक."

सोनाजी मागं सरकून स्टुलावर बसला. बत्तीस वर्षं तो ज्याला जिन्याची शेवटची पायरी समजत आला, तिथून खाली अख्खा दुसरा जिना उतरत होता, आणि त्या जिन्यावर माणसं कधीच जाऊन पोचली होती. त्याला वाईट नाही वाटलं. लहानपणी पहिल्यांदा वेरूळच्या लेण्यात आत शिरल्यावर छाती भरून आली होती, तसं काहीसं वाटलं.

"ही बटणं माणसांनीच केलेत?"

"माणसांनीच."

"बाबो," एवढंच म्हणून सोनाजीनं तो मेलेला प्रोसेसर दोन्ही हातांनी, प्रसाद परत द्यावा तसा, मुजीबभाईंच्या हातावर ठेवला.

दुपारी आय-सेव्हन आणि तो जुना कुलर बसवून डबा घरी आला. अक्षदानं हिशेब लावला. या वेळी कॉम्प्युटर बंद पडला नाही. पण पडद्याच्या कोपऱ्यात तिनं लावलेला तापमानाचा आकडा अठ्ठ्याण्णव-नव्याण्णववर खेळत राहिला, आणि शंभराला टेकला की काम मुंगीच्या पावलांनी चालू लागायचं.

"दमला की आपला आपण सावकाश होतो," ती म्हणाली. तिनं मुजीबभाईंना फोन लावला. ते म्हणाले, सातशेच्या कुलरात एवढंच, बेटी. त्यात हा उन्हाळा.

सोनाजी तिच्या मागं उभा होता. दाराच्या आत येऊन असं उभं राहण्याची ही त्याची पहिलीच वेळ. "मला दाखव," तो म्हणाला. "कुठं बसलाय तो?"

कॉम्प्युटर बंद करून, निवू देऊन अक्षदानं स्क्रू काढले आणि कुलर उचलला. धग पुढं पोचवायला मधे लावलेली करडी पेस्ट दोन्हीकडं पसरली होती. कडेला पुसल्यासारखी पातळ आणि मधे चांगली जाड. सोनाजीला आणखी काही बघायची गरज नव्हती.

"हे बसलेलंच नाय."

कपाटावरून त्यानं कामाचा डबा काढला. तीन वर्षांत तो उघडला नव्हता. पेस्ट पुसून त्यानं तांब्याच्या तळावर पोलादी पट्टीची धार उभी टेकवली आणि खिडकीच्या उजेडासमोर धरली. धारेखालून मधोमध उजेडाची रेघ आली. मग प्रोसेसरच्या झाकणावर तीच पट्टी, अगदी अलगद. तिथंही रेघ.

"दोघंबी मधी खोल. कडेकडेनं टेकलेत, मधी पोकळ. ती चकती कुठं असती?"

"बरोबर मधे. झाकणाखाली."

"म्हंजे जिथं आग, तिथंच तांब्याचा हात लागत नाय."

अक्षदानं पुन्हा मुजीबभाईंना फोन लावून सोनाजीच्या हातात दिला. पलीकडून ते म्हणाले, "काका, पेस्ट कायकू लावतेत मग? खड्डा भरायलाच ना!"

"भरणं येगळं आणि बसणं येगळं, मुजीबभाई," सोनाजी म्हणाला आणि फोन परत दिला.

"मामा, दोन्ही सपाट करू या," अक्षदा म्हणाली. "झाकणही घासतात काही लोक. तुम्हाला तर सहज जमेल."

सोनाजीनं प्रोसेसर उचलून तळहातावर घेतला. बराच वेळ घेऊन बसला. दोन दुपारींत त्यानं तो आरशासारखा केला असता. हात शिवशिवत होते. पण त्यानं मान हलवली.

"ह्याला मी नाय लावणार पेपर."

"का?"

"खाली काय हाय, ते मला नाय कळत. तांबं कळतंय. तांबंच त्याच्याजोगतं करू."

जेवणं उरकून दुपारी मुलगी झोपली, की दोघं कामाला बसायची. जुन्या कपाटाची काच, तिच्यावर वर्तमानपत्राच्या दोन घड्या आणि त्यावर वॉटर पेपर. घड्या कशाला, असं अक्षदानं विचारलं. "काच कडक. तिच्यावर घासलं तर सपाट होतंय. आपल्याला सपाट नको. खाली मऊ असलं की कडा जास्त झिजते, मधलं उरतं. झाकणाला जेवढा खड्डा, तेवढंच पोट तांब्याला आणायचं." मग प्रोसेसरच्या झाकणावर निळ्या रंगाचं नुसतं बोट फिरवायचं, तांबं त्यावर टेकवायचं, उचलायचं आणि बघायचं. निळं जिथं लागलं, तिथं भेट झाली. पहिल्यांदा चारी कडांनाच निळं लागलं. तिसऱ्या वेळी कडा आत सरकल्या. पाचव्या वेळी मधे एक ठिपका आला, तसा सोनाजी "आलं, आलं" म्हणाला.

एकदा त्यानं कुलर सुनेच्या हातात दिला. तिनं दाबून दोन हात मारले.

"जोर नको. त्याचं वजन त्याला पुरे हाय. तू नुसती वाट दाखव."

तिच्या डिप्लोम्याच्या पुस्तकात हे वाक्य नव्हतं. तिनं हात सैल सोडला. तांबं साखरेवरून सरकल्यासारखा आवाज करत कागदावरून फिरलं, आणि सोनाजी डोळे मिटून तो आवाज ऐकत राहिला.

तिसऱ्या दुपारी मधली सगळी जागा निळी उमटली. त्यानं स्पिरिटनं सगळं पुसलं, मुगाएवढी पेस्ट ठेवली, कुलर बसवला आणि चारही स्क्रू थोडे थोडे, तिरपे आलटून पालटून आवळले. अक्षदानं हिशेब लावला.

साठ. सत्तर. अठ्ठ्याहत्तर. एक्क्याऐंशी. ब्याऐंशी. मग थोडा वेळ ब्याऐंशी. मग पुन्हा ब्याऐंशीच.

बाहेर बेचाळीसचं ऊन होतं, खोलीत सदतीस. अक्षदानं आकड्यावर बोट ठेवलं, जसा काही तो पळून जाईल. "मामा, सोळा-सतरा डिग्री उतरला! आणि कुठं अडत नाहीये!"

सोनाजीनं डब्याच्या मागच्या जाळीला तळहात धरला. कोमट वारा येत होता. मेंढरू हातातला पाला खाताना त्याचा श्वास हाताला लागावा, तेवढाच. एकशे चाळीस कोटी चालू-बंद, सेकंदाला तीनशे चाळीस कोटी ठोके, आणि त्या सगळ्याची धग ही अशी, त्यानं घासलेल्या तांब्यातून वर चढून त्याच्या हाताला लागत होती. "ही विचाराची धग," तो म्हणाला. हात मात्र त्यानं बराच वेळ काढला नाही.

साडेचार तासांत हिशेब पुरा झाला. अक्षदानं खुर्ची सरकवून त्याला शेजारी बसवलं आणि निकाल पडद्यावर चालवला. पारदर्शक साचा, वरून आत येणारं प्लास्टिक, लाल, मग पिवळं, मग हिरवं. ते भिंतींमधून वाहत गेलं, मजबुतीच्या पातळ फासळ्यांशी अडखळलं, वळलं, कोपऱ्यात सगळ्यांत शेवटी पोचलं.

"पुन्हा लाव," सोनाजी म्हणाला.

तिनं पुन्हा लावलं. पाच वेळा लावलं. बत्तीस वर्षं त्यानं साचे मिटताना पाहिले होते आणि उघडताना पाहिले होते. मिटल्यावर आत काय होतं, हे कारखान्यात कुणीच कधी पाहिलं नव्हतं, मॅनेजरनंसुद्धा नाही. पोलादाच्या आत कोण बघणार? आणि इथं त्याची सून बोटाच्या टोकानं पोलाद बाजूला सारून आतलं दाखवत होती.

मग तो बोलायला लागला. अक्षदानं त्याला सलग इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. कामाला लागून सात-आठ वर्षं झाली होती तेव्हा एक टबाचा साचा होता. टब निघायचा छान, पण डाव्या बाजूला, धरून उचलायच्या कान्याच्या जरा खाली, पंधरा दिवसांत चीर पडायची. साचा चार वेळा सोनाजीकडं परत आला. नीट बसत नाही, तुझ्या हातात खोट आहे, असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. त्यानं चार वेळा घासला. चीर पडायचीच. शेवटी तो साचा भंगारात गेला आणि आपला हात तेव्हा कुठंतरी चुकला, ही गोष्ट सोनाजीच्या मनात तशीच राहिली. रत्नमालालाही त्यानं ती सांगितली नव्हती.

"कसा होता टब? काढून दाखवा," अक्षदा म्हणाली आणि कागद पुढं केला.

त्यानं काढला. मापं त्याला पाठ होती. भिंतीची जाडी, कान्याचा गोल, प्लास्टिक आत यायच्या दोन तोंडांची जागा. दोन दिवसांनी, हातातलं काम देऊन झाल्यावर, अक्षदानं टब पडद्यावर उभा केला आणि प्लास्टिक सोडलं. दोन तोंडांतून दोन धारा निघाल्या. उजवीकडं त्या तळाशीच मिसळल्या. डावीकडं लांबून वळसा घालत, निवत निवत येऊन एकमेकींना भेटल्या. जिथं भेटल्या, तिथं एक बारीक रेघ उभी राहिली. कान्याच्या जरा खाली.

रत्नमाला चहा घेऊन आली होती, ती कपबशा हातात धरून पडद्याकडं बघत उभी राहिली.

"ही चीर कशाची?" तिनं विचारलं.

"दोन धारा निवून भेटल्या की जोड कच्चा राहतो, मामी," अक्षदा म्हणाली. "साचा कितीही चांगला बसू दे. तोंडाची जागाच चुकलेली होती."

"मग धिरड्याचं दुसरं काय असतं?" रत्नमाला म्हणाली. "दोन पळ्या दोन बाजूंनी टाकल्या की मधी सांधा राहतोय, आणि तिथंच तुटतंय. तव्यानं त्याला काय करावं?"

सोनाजी तिच्याकडं वळला. "हे तू मला तवाच कामून नाय सांगितलंस?"

"तुम्ही कधी इचारलंत?"

सोनाजीनं चहा घेतला, पण तो तसाच हातात निवला. एकदा पडद्याकडं, एकदा बायकोकडं, एकदा त्या घरघरणाऱ्या डब्याकडं बघत तो बसला होता. साहेब कधीच गेले होते, टबही गेला होता. पण छातीवरचा एक धोंडा कुणीतरी न बोलता उचलून बाजूला ठेवल्यासारखं त्याला झालं.

चिकलठाण्याचं काम अक्षदाला मिळालं. जून संपताना तिनं हिशेब केलेला, सोनाजीनं पडद्यावर पाहिलेला तो पहिला साचा तयार झाला आणि साचेवाल्यानं पहिला नग बघायला बोलावलं. "मामा, चला," ती म्हणाली. सोनाजीनं धुवट सदरा घातला.

मशीनचे दोन जबडे मिटले. पंप गरगरला. चारचौघं कारागीर हाताची घडी घालून साचा उघडायची वाट बघत उभे राहिले, जसा तो आजवर उभा राहत आला होता. सोनाजी मात्र पोलादाकडं बघत हळू आवाजात बोलत होता.

"तळ भरला. आता फासळीशी आलंय. वळलं. आता डाव्या कोपऱ्यात."

अक्षदानं मान डोलावली, आणि साचा उघडला.